चेटकीण कुणाच्या वाट्याला?

वस्तीतल्या मुलांचं नाटक संपलं की प्रेक्षकांतून एक शब्द हमखास ऐकू येतो: ‘गोड’. मला तो खटकतो. एकदा गोड म्हटलं की नाटकाबद्दल बोलायची गरजच उरत नाही. स्वयंसेवकांनी पदरचा वेळ घालून बसवलेलं नाटकही शेवटी नाटकच असतं. त्याला प्रश्न विचारले, तरच आपण त्या मुलांना कलाकार मानतो.

माझा प्रश्न साधा आहे. यांच्या नाटकात चेटकीण का नसते?

मराठी बालनाट्य म्हटलं की आधी चेटकीण आणि राक्षसच आठवतात. १९५९ मध्ये सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’ने रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८ च्या नव्या संचात वैभव मांगलेंनी गाजवली. तिकीट काढून आलेल्या मुलांना तिथे मनसोक्त घाबरायला मिळतं.

याच मतकरींनी उतारवयात ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. कल्पना धाडसी होती: वस्तीतल्या मुलांनी आपल्या जगण्यातले विषय घेऊन स्वतः नाटक रचायचं, स्वतःच करायचं. खुर्चीतलं मूल रंगमंचावर आलं आणि त्याची भाषाही सोबत आली. हे मोठंच पाऊल होतं.

पण आज ठिकठिकाणी या वाटेने जाणाऱ्या गटांची नाटकं पाहताना एक साचा दिसतो. दारू, पाणी, सुटलेली शाळा. आणि शेवटी सगळी मुलं एका रांगेत उभी राहून संदेश देतात. विषयांबद्दल माझी तक्रार नाही, त्या रांगेबद्दल आहे.

ती रांग कुठून येते, हेही कळतं. तालीम फक्त रविवारी. निम्मी मुलं दर वेळी वेगळी. कुणी धाकट्या भावाला कडेवर घेऊन येते, कुणाला दहावीमुळे घरचे सोडत नाहीत. प्रयोग तोंडावर आला की ताई-दादांना नाटक कसंतरी संपवायचं असतं, आणि संदेश हा सगळ्यात सोपा शेवट. पाहुणेही खूश होतात. मात्र यात मुलांनी आपलं दुःख पाहुण्यांपुढे मांडायचं, एवढंच उरतं.

मी पाहिलेल्या अशाच एका प्रयोगात एक मुलगा दारुड्या बापाचं काम करत होता. त्याचं झोकांडी खात येणं, दारात थबकणं, आवाज एकदम खाली आणणं! पुढे बसलेली पोरं आधी खिदळली, मग चिडीचूप झाली. तीच तर चेटकीण होती. भीतीला अंगात घेऊन तिच्याशी खेळणं त्या मुलाला कुणी शिकवलं नव्हतं. दोनच मिनिटांत रांग आली, घोषणा झाली आणि तो बाप पुसला गेला.

तो प्रसंग लांबवायला हवा होता. त्या बापाला शेपूट फुटू द्यायचं होतं, त्याला बाटलीत कोंडायचं होतं, नाहीतर मुलांना हवं ते करू द्यायचं होतं. नाटक बसवणाऱ्या ताई-दादांचं खरं कौशल्य इथे लागतं: मूल खेळायला लागलं की आपण गप्प बसायचं.

कल्पना करायचा हक्क तिकिटाबरोबर मिळत नसतो. पुढच्या वेळी अशा प्रयोगाला गेलात, तर ‘गोड’ म्हणू नका. शेवट कुणी ठरवला, एवढं मात्र मुलांना जरूर विचारा.