मित्राचा पेला आणि समीक्षेचा मापदंड

नाटकातील नायिकेच्या हाती मद्याचा पेला आला, की प्रेक्षक तिच्या अधःपाताची खूणगाठ मनाशी बांधून मोकळा होतो. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकाचा विचार करताना ही सवय विशेष घातक ठरते. १९८१ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात रोहिणी हट्टंगडी यांनी मित्राची भूमिका केली. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री येथे मराठी नाटकाच्या केंद्रस्थानी आली. नाटकाच्या उत्तरार्धात ती मद्याच्या आहारी जाते आणि अखेर आत्महत्या करते. हे मद्य तिच्या प्रवृत्तीचे फळ मानायचे की तिच्या एकाकीपणाचे, या प्रश्नाच्या उत्तरावर नाटकाचा सारा अर्थ अवलंबून आहे.

घटनांचा क्रम पाहिला तर उत्तर संदिग्ध राहत नाही. स्वातंत्र्यपूर्व पुण्यातील महाविद्यालयात शिकणारी सुमित्रा देव प्रथम स्वतःच्या देहाचीच परीक्षा घेते. आपण इतर स्त्रियांसारख्या आहोत की नाही हे पडताळण्यासाठी ती घरच्या नोकराशी संबंध ठेवू पाहते. त्या अनुभवातून आलेले आत्मज्ञान तिला मरणाच्या दाराशी नेते. पुढे नमावरील प्रेम, मन्या दळवीचे वैर, उघड होण्याची धास्ती आणि नमाचा वियोग अशा पायऱ्या येतात. पेला येतो तो या सर्वांनंतर. तो पतनाचे कारण नव्हे. आधीच ढासळलेल्या आयुष्याला दिलेला तो कच्चा टेकू आहे.

नाटकानंतरच्या काळातील वैद्यकीय विचाराने हाच क्रम वेगळ्या मार्गाने दाखवून दिला. इलान मायर या अमेरिकन संशोधकाने २००३ साली ‘अल्पसंख्याकत्वाचा ताण’ ही कल्पना विस्ताराने मांडली. तिरस्कार, लपवाछपवी आणि नाकारले जाण्याची सततची अपेक्षा यांचा भार मनःस्वास्थ्यावर पडतो, हे तिचे सार. अमेरिकेतील अनेक पाहण्यांत समलिंगी व उभयलिंगी आकर्षण असलेल्या स्त्रियांत मद्यपान व धूम्रपान यांचे प्रमाण इतर स्त्रियांहून अधिक आढळले आहे. अशा स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या तपासणीची गरज नाही, असा गैरसमज डॉक्टरांत व स्वतः त्या स्त्रियांतही दिसून आला. वस्तुतः एचपीव्ही हा विषाणू स्त्रियांमधील संबंधांतूनही पसरू शकतो. शिवाय पुरुषाशी आलेला संबंधही अनेकींच्या पूर्वायुष्यात असतो. मित्राच्या आयुष्यातील नोकराचा प्रसंग या दृष्टीने केवळ मानसशास्त्रीय राहत नाही. त्या देहाची विचारपूस करणारे कोणीही तिच्या जगात नाही.

येथेच नाटकाची मर्यादाही दिसते. सारी कथा बापूच्या तोंडून येते. बापू सहृदय आहे, परंतु दुबळा आहे. तो मित्राचे ऐकतो, पण तिच्या वेदनेच्या मुळाशी जात नाही. निवेदकाचे हे अपुरेपण हाच नाटकाचा विषय आहे, असा युक्तिवाद करता येईल, आणि तो काही अंशी खराही आहे. तथापि शेवटाकडे बापूचे अज्ञान कोठे संपते आणि नाटकाचे कोठे सुरू होते, हे ओळखणे कठीण होते. मित्रासारखी दुसरी स्त्री तिला एकदाही भेटत नाही. परिणामी तिचा नाश परिस्थितीने घडवलेला न वाटता नियतीने लिहिलेला वाटू लागतो.

तो नियतीचा लेख नव्हता, हे मैसूरच्या एका उदाहरणावरून ध्यानात येते. तेथे २००४ साली एड्सप्रतिबंधक कार्य सुरू झाले व त्यातून देहविक्रय करणाऱ्यांची ‘अशोदया समिती’ ही स्वतःची संघटना उभी राहिली. ज्यांना समाजाने केवळ रोगाचे वाहक मानले, त्यांनीच आपल्या सोबतिणींना दवाखान्यापर्यंत नेले. मित्राची स्थिती त्यांच्याहून अर्थातच भिन्न आहे. परंतु आरोग्य हे सोबतीतून येते, एवढे या उदाहरणावरून निश्चित होते. भारताच्या एड्सनियंत्रण कार्यक्रमाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी आणि सुईने मादक द्रव्ये घेणारे यांचे स्वतंत्र गट मानले. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री त्या यादीत नाही. तिचा धोका त्या रोगापुरता कमी मानला गेला. पण जिची गणना नाही, तिच्या इतर दुखण्यांचीही नोंद होत नाही.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. कायद्याने आपला मापदंड बदलला. समीक्षेनेही तो बदलणे अगत्याचे आहे. मित्राच्या पेल्याकडे पाहताना तिचा तोल कसा गेला एवढेच विचारून भागणार नाही. तिला सावरण्यासाठी एकही हात पुढे का आला नाही, हा प्रश्न तेंडुलकरांच्या नाटकात अर्धवट उच्चारला गेला आहे. तो पूर्ण करणे हे वाचकाचे काम आहे.