एका नाट्यपदाचे दोन संसार

आमच्या घरी नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नान उरकून फराळाची ताटे मांडली जात असताना नाट्यसंगीत लावण्याची चाल थोरल्या बंधूंनी पाडली. बंधू हौशी नाटकमंडळ्यांना पेटीची साथ करीत. पदाच्या बाबतीत त्यांचा एकच दंडक होता : शब्द कळले पाहिजेत. एखादा गवई पदाच्या मुखड्याला नुसता हात लावून दहा-दहा मिनिटे ताना मारू लागला, की ते पानाचा डबा पुढे ओढीत आणि म्हणत, "खाल्लं याने पद."

या बंधूंशी माझा जो वाद पस्तीसएक वर्षे चालला, त्याचे निमित्त मात्र नाट्यसंगीत नव्हते, एक अमेरिकन तबकडी होती. बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या एका मित्राने ती १९७४ साली आणली. जॉन कोल्ट्रेन या निग्रो सॅक्सोफोनवादकाची 'माय फेव्हरिट थिंग्ज'. (निग्रो हा शब्द त्या वेळी आम्ही सर्रास वापरीत असू; आज तो कोणी वापरीत नाही, आणि ते योग्यच आहे.) बंधूंनी 'साउंड ऑफ म्युझिक' हा चित्रपट पाहिलेला होता. पहिल्या काही क्षणांतच त्यांनी चाल ओळखली आणि मान डोलावली. पाच मिनिटांनी मान थांबली. आठव्या मिनिटाला त्यांनी विचारले, "अरे, पण गाणं कुठं गेलं?"

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर द्यायला मला फार वर्षे लागली.

मुळात हे गाणे चित्रपटाचे नव्हे, नाटकाचे. 'साउंड ऑफ म्युझिक' हे संगीत नाटक १६ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या लंट-फॉन्टॅन थिएटरात उघडले. चाली रिचर्ड रॉजर्सच्या, पदे ऑस्कर हॅमरस्टाइनची, नायिका मेरी मार्टिन. नाटकाचे १४४३ प्रयोग झाले. चित्रपट १९६५ सालचा. चित्रपटात हे गाणे वादळी रात्री विजांना घाबरलेल्या मुलांची समजूत काढण्यासाठी येते, आणि जगाला तेवढेच ठाऊक आहे. नाटकात मात्र त्याची जागा वेगळी होती. तिथे ते मठात येते. मठाच्या शिस्तीत न बसणारी मरिया आणि वडीलधाऱ्या मठमाता अशा दोघी ते मिळून गातात. मठमातेला ते लहानपणापासून ठाऊक असते, मधले शब्द तेवढे विसरलेले असतात. आणि या मुलीला आता मठाबाहेर, परक्याच्या घरी मुले सांभाळायला पाठवायचे ठरलेले असते. म्हणजे नाटकातले हे गाणे मुलांना थोपटण्याचे नव्हे. पाठवणीआधी दोन बायकांनी एकमेकींना दिलेला तो धीर आहे. मला ही जागा चित्रपटातल्या जागेपेक्षा कितीतरी सरस वाटते.

गाण्याची घडणही पाहण्यासारखी आहे. आवडत्या वस्तूंची एक यादी, मग दुसरी, मग तिसरी. घरगुती, क्षुल्लक वस्तू. आपल्याकडे कोणी भोंडल्याच्या गाण्यात गुंफाव्यात तशा. तिन्ही वेळा चाल जवळजवळ तीच. आणि मग चौथ्या, शेवटच्या चरणात एकदम कुत्रा चावतो, मधमाशी डंख मारते, मन उदास होते. आणि त्या वस्तू आठवल्या की दुःख हलके होते. म्हणजे आधीच्या तीन याद्या ज्याच्यासाठी केल्या ते संकट शेवटी येते आणि त्याच श्वासात त्याचे निवारणही होते. गाणे सुरू होते मायनर स्वरात, आपल्या भाषेत कोमल गांधाराच्या छायेत. आणि संपते मेजरमध्ये, उजळून. अवघे तीनएक मिनिटांचे काम. हॅमरस्टाइन हा मोठा कारागीर होता.

अशी नाटकातली गाणी उचलून वाजविण्याची जॅझवाल्यांची चाल जुनीच. कोल्ट्रेनच्या त्या तबकडीवर चार तुकडे आहेत आणि चारही रंगभूमीवरून आलेले आहेत : एक हे, एक कोल पोर्टरचा, १९४४ च्या 'सेव्हन लाइव्हली आर्ट्स'मधला, आणि दोन जॉर्ज गर्श्विनचे, १९३० च्या 'गर्ल क्रेझी'तला आणि १९३५ च्या 'पोर्गी अँड बेस'मधला. नाटके विस्मरणात गेली तरी गाणी उरतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'व्हेरी वॉर्म फॉर मे'. जेरोम कर्न आणि हेच हॅमरस्टाइन यांचे १९३९ चे नाटक. ५९ प्रयोगांत आटोपले. आज ते नाटक कोणी करीत नाही. पण त्यातले 'ऑल द थिंग्ज यू आर' जॅझ शिकणाऱ्या प्रत्येक पोराला पाठ करावे लागते. कारण त्याची स्वरसंगती अशी वळणावळणाने फिरते, की नव्या वादकाची परीक्षाच होते. चार्ली पार्करने तर १९४७ साली त्या स्वरसंगतीवर चक्क दुसरे नाव देऊन तुकडा वाजविला. चालीवर मालकी सांगता येते. तिच्याखालच्या स्वरसंगतीवर सांगता येत नाही. या फटीतून जॅझचा अर्धा संसार उभा राहिला आहे.

रॉजर्सला हे मुळीच रुचत नसे. गंमत अशी, की ही तक्रार त्याने गाण्यातूनच केली. १९३९ च्या 'टू मेनी गर्ल्स' या नाटकात त्याचे आणि लॉरेन्झ हार्टचे एक गाणे आहे, 'आय लाइक टु रेकग्नाइज द ट्यून'. चाल ओळखू आली पाहिजे, एवढेच मागणे. आणि ती पिळून काढणाऱ्या त्या काळच्या वाद्यवृंदांना टोमणे. बंधूंना मी हे सांगितले तेव्हा त्यांना परदेशी एक सोबती मिळाल्याचा आनंद झाला. "बघ, ज्याची चाल तोच म्हणतो आहे," असे त्यांनी मला किमान वीस वेळा ऐकविले असेल.

आपल्या वाचकाला इथे आपली पदे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. 'स्वयंवर' १९१६ चे, भास्करबुवा बखल्यांच्या चालींचे; त्यातली पदे रंगभूमीवरून बैठकीत गेली आणि आजही गाइली जातात. पण हे साम्य फार ताणू नये. आपली कितीतरी पदे मुळात रागदारीच्या चिजांवरून बांधलेली. ती बैठकीत गेली, म्हणजे लेक सासरहून माहेरी आली. तिथे तिला पाय पसरून बसण्याचा हक्कच आहे. शिवाय रंगभूमीवर असतानाही बालगंधर्व ती मनसोक्त वाढवीत, 'वन्स मोअर' घेत. न्यूयॉर्कच्या नाटकात हे चालत नाही. तिथे गाणे कथेला खिळ्याने ठोकलेले. ते जॅझमध्ये गेले तर परक्या घरी, परक्या भाषेत, परक्या पंगतीत जाते. तेव्हा बंधूंचा आक्षेप बैठकीच्या गवयाला जेवढा लागू पडतो, त्याहून कोल्ट्रेनला अधिक लागू पडायला हवा. मी हे कबूल करूनच पुढे जातो.

ध्वनिमुद्रण झाले २१ ऑक्टोबर १९६० रोजी. पदकर्ता हॅमरस्टाइन त्याच वर्षी २३ ऑगस्टला वारला. दोन महिनेही उलटले नव्हते. आपल्या गाण्याचे काय झाले हे त्याने ऐकलेच नाही. नाटक अजून जोरात चालू होते. कोल्ट्रेनबरोबर पियानोवर मॅकॉय टायनर, वय वर्षे एकवीस; ड्रमवर एल्विन जोन्स; बासवर स्टीव्ह डेव्हिस. कोल्ट्रेनचे नेहमीचे वाद्य टेनर सॅक्सोफोन. इथे त्याने सोप्रानो घेतला, सरळ नळीचा, पातळ, किंचित नाकातला आवाज. हा आवाज कानी पडला की आपल्याला सनईची आठवण होते, तबकडी लावली तेव्हा स्वयंपाकघरातून वहिनींनी "लग्नाचं काही लावलंय का?" असे विचारले होते.

तीन मिनिटांचे गाणे इथे पावणेचौदा मिनिटे चालते. ते कसे वाढविले हे समजून घेण्याजोगे आहे. जॅझवाले एरवी गाण्याची सबंध स्वरसंगती पुन्हा पुन्हा फिरवीत तिच्यावर विस्तार करतात. कोल्ट्रेनने ती सोडून दिली. तबल्याच्या एकल वादनाला पेटीवाला लेहरा धरून बसतो, तसा टायनर दोन-चार स्वरसमूहांचा एक झोका धरून बसतो, आणि वरती कोल्ट्रेन हवा तितका वेळ फिरतो. षड्ज तोच, काही वेळ गांधार कोमल, मग अचानक शुद्ध, मग पुन्हा कोमल. ढगाआडून ऊन यावे आणि जावे, एवढाच बदल. पण तो कधी होणार याची आपण वाट पाहू लागतो. खाली तीन मात्रांची वॉल्ट्झची लय आहे, पण एल्विन जोन्स तिच्यात अशी आडवी-तिडवी आघातांची वीण घालतो, की नाचाचा ठेका कुठल्या कुठे जातो आणि पाण्याला भरती येत राहावी तसे काहीतरी ऐकू येते. टायनरचा एकट्याचा भाग लांब आहे आणि काहींना तो कंटाळवाणा वाटतो. मला नाही वाटत. झोपाळ्यावर बसल्यावर पोहोचायचे कुठे असते?

इतके सारे मी बंधूंना समजावीत असे, आणि ते ऐकून घेऊन म्हणत, "छान. पण शब्द?"

उत्तर मिळाले ते माझ्या नातीकडून. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात हेच गाणे म्हणणार होती. मी मोठ्या हौसेने तिला कोल्ट्रेन ऐकविला. ती तोंडातल्या तोंडात शब्द म्हणत बसली. पहिली यादी झाली, दुसरी झाली. वादन भरकटले, परत आले, पुन्हा यादीची चाल आली, पुन्हा भरकटले. ती अस्वस्थ झाली. "आजोबा, कुत्रा कधी येणार?"

मी चमकलो. इतकी वर्षे ऐकूनही माझ्या हे ध्यानात आले नव्हते. कोल्ट्रेन तो चौथा चरण वाजवीतच नाही. यादीची चाल पुन्हा पुन्हा येते, पण कुत्र्याचा आणि मधमाशीचा चरण तो दाबून ठेवतो. बारा-तेरा मिनिटे. आणि अगदी अखेरीस, आपण आशा सोडल्यावर, एकदाच वाजवितो. नात टाळी वाजवून ओरडली, "आला!"

गाण्याची सगळी गणिते त्यामुळे बदलतात. हॅमरस्टाइनच्या पदात दुःख येते आणि लगेच त्यावर उतारा मिळतो. इथे आवडत्या वस्तू मोजणाराच एवढा वेळ मोजीत राहतो, की त्याला टाळायचे काय आहे हे न सांगता कळू लागते. कोमल गांधारातली ती यादी दहाव्या मिनिटाला आनंदाची वाटत नाही; अंधारात माणूस स्वतःशी पुटपुटतो तशी वाटते. आणि चौथा चरण वाजून गेल्यावरही गाणे मूळच्यासारखे उजळून संपत नाही. पुन्हा त्याच मायनर झोक्यात शिरते आणि थांबते. रॉजर्सने चालीत जो सुखान्त घातला होता तो कोल्ट्रेनने काढून घेतला. मी याला चोरी म्हणत नाही. मठातल्या त्या दोघी बायकांना पाठवणीच्या वेळी जे वाटत असेल ते या वादनात मूळ पदापेक्षा अधिक आहे, असे माझे मत आहे.

पण याच ठिकाणी मला बंधूंपुढे हार खावी लागते. हे सारे नातीला कळले ते तिला शब्द पाठ होते म्हणून. १९६०-६१ साली न्यूयॉर्कमध्ये ज्यांनी हे ऐकले त्यांच्यापैकी अनेकांच्या कानांत ते नाटक ताजे असणार. त्यांच्या मनात पद चालू होते आणि वर सॅक्सोफोन. ज्याला पद ठाऊक नाही, त्याला गोड झोका ऐकू येतो, न आलेल्या चरणाची ओढ ऐकू येत नाही. म्हणजे शब्द तिथे आहेत. श्रोत्याने घरून आणायचे आहेत. 'शब्द कळले पाहिजेत' हा दंडक कोल्ट्रेनलाही चुकलेला नाही. हे बंधूंना सांगायचे राहून गेले. ते २००९ साली गेले. नातीने प्रश्न विचारला तो त्यानंतर दोन वर्षांनी.

कोल्ट्रेन पुढे हे गाणे आयुष्यभर वाजवीत राहिला. आपल्या संगीताचा त्याला ध्यास लागला होता. १९६५ साली जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने रविशंकरांवरून रवि ठेवले. रविशंकरांना मात्र त्याच्या वादनात फार खळबळ ऐकू येई आणि त्याचे त्यांना कोडे पडे. ही खळबळ कुठवर गेली ते २३ एप्रिल १९६७ च्या, हार्लेममधल्या ओलातुंजी केंद्रातल्या कार्यक्रमात कळते. त्याचे मुद्रण २००१ साली बाहेर आले. तेच गाणे, आता चौतीस मिनिटे. खरखरीत मुद्रण, ड्रमचा गदारोळ, आणि सॅक्सोफोन वाजतो की किंचाळतो ते सांगता येऊ नये असा. तीन महिन्यांच्या आत, १७ जुलैला, यकृताच्या कर्करोगाने तो गेला. वय चाळीस.

जाणकार या मुद्रणाला थोर म्हणतात. मी ते एकदा पूर्ण ऐकले, आणि दुसऱ्यांदा अर्ध्यावर उठून बंद केले. तिथे मी बंधूंच्या पक्षात आहे.