उलटा शब्दक्रम आणि शिकाऊ व्याकरणे

तागालोगच्या शिकाऊ व्याकरणांत विधेय आधी येणारा क्रम सरळ, आणि ‘आय्’ हे अव्यय घालून उद्देश्य पुढे आणलेला क्रम उलटा मानतात. ‘कुमाइन आंग बाता’, म्हणजे ‘जेवले मूल’, हा सरळ. ‘आंग बाता आय् कुमाइन’ हा उलटा. तेथे उलटा क्रम ग्रंथाचा व सभेचा, सरळ क्रम घरचा. मराठीत नेमके याविरुद्ध आहे. ‘राम राजुऱ्याला गेला’ हे पुस्तकी, ‘गेला राम राजुऱ्याला’ हे बोलीतले.

या दुसऱ्या वाक्यास आपली शिकाऊ व्याकरणे ‘उलटा क्रम’ म्हणून मोकळी होतात. ते केव्हा बोलावे, हे सांगत नाहीत. ‘राम कुठे गेला?’ या प्रश्नास हे उत्तर कोणी देणार नाही. ‘रामाचे राजुऱ्याला जाण्याचे चालले होते, त्याचे काय झाले?’ असे विचारल्यास मात्र तेच शोभते. क्रियापदामागे सारलेले शब्द श्रोत्यास ठाऊक असतात. नवे काय ते क्रियापदात.

राजुरा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेथे मराठीशेजारी तेलुगू, गोंडी, कोलामी नांदतात. या तिन्ही द्राविडी. तरी क्रियापद शेवटी ठेवण्यात त्यांचे मराठीशी ऐक्य आहे. गोंडी घरातील मुलास सरळ क्रम शिकवावाच लागत नाही. असे असता विस्कटलेले शब्द जुळविण्याचे पाठ त्यास घालणे हा, आमच्या मते, व्यर्थ शीण होय. त्याला खरे अडते ते ‘आला का रे तो?’ येथे, आणि तेथे व्याकरण मुके आहे.