‘दो आँखें बारह हाथ’मधील सत्ता आणि प्रेरणा

व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला व ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा हिंदी चित्रपट १९५७ साली प्रदर्शित झाला. त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवातही त्याचा गौरव झाला. प्रेमाने माणूस सुधारतो, हा त्याचा संदेश सर्वमान्य आहे. तथापि, ज्यास सुधारणा म्हटले जाते ती कोणत्या सत्तेच्या द्वारा घडते आणि ती बंदिवानांची स्वतःची कितपत ठरते, या प्रश्नाकडे रसिकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. चित्रपटाचे खरे मर्म या प्रश्नातच आहे.

तुरुंगाधिकारी आदिनाथ हा सहा खुनी बंदिवानांना तुरुंगाबाहेर नेऊन एका उजाड शेतावर ठेवतो. भिंत आणि बेडी ही दंडसत्तेची साधने तो टाकून देतो. परंतु सत्ता टाकीत नाही. तिचे स्थान तो आपल्या दृष्टीत हलवितो. पळण्याचा विचार मनात येताच बंदिवानांना त्याचे डोळे आठवतात. बेडी केवळ देह बांधते. दृष्टी मात्र मनाच्या आत पहारा बसविते. बेंथमने अठराव्या शतकात कल्पिलेल्या कारागृहाचे तत्त्व हेच होते, आणि फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात त्याचीच मीमांसा केली. भेद एवढाच, की बेंथमचा पहारेकरी अदृश्य व उदासीन असतो. आदिनाथ बंदिवानांबरोबर स्वतः राबतो. त्याच्या दृष्टीत संशयाऐवजी विश्वास असतो, आणि विश्वासाचा भंग करणे हे भिंत ओलांडण्याहून कठीण असते.

साहजिकच बंदिवानांच्या प्रेरणाही पायरीपायरीने बदलतात. आरंभी भय असते, मग लज्जा येते, आणि पीक उभे राहिल्यावर स्वतःच्या श्रमाचा अभिमान जागा होतो. ही तिसरी प्रेरणा सर्वांत महत्त्वाची होय. कारण तिचा उगम आदिनाथात नसून मातीत आणि हातांत आहे. बाजारात मार खाऊनही ते प्रतिकार करीत नाहीत, त्या प्रसंगी मात्र या प्रेरणांची सरमिसळ होते. हा संयम त्यांचा स्वतःचा, की आदिनाथाला दिलेल्या शब्दाचा? चित्रपट हा प्रश्न उभा करतो, परंतु त्याचे उत्तर देत नाही.

येथेच दुसरी सत्ता प्रकट होते. बंदिवान रास्त भावाने भाजी विकू लागताच बाजारावर पकड असलेल्या व्यापाऱ्याचा स्वार्थ दुखावतो. त्याच्या हातात बेडी नाही, दृष्टीत विश्वास नाही. केवळ नफा ही त्याची प्रेरणा आहे. अखेर त्याच्या माणसांच्या कारस्थानातच आदिनाथाचा बळी जातो. शिक्षा झालेले गुन्हेगार सुधारतात आणि समाजात प्रतिष्ठित असलेला माणूस हिंसेस प्रवृत्त होतो, हा विरोध चित्रपटातील सर्वांत धारदार सामाजिक विधान आहे.

या कथेमागे औंध संस्थानातील एक प्रत्यक्ष प्रयोग होता. १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे मॉरिस फ्रिडमन यांच्या प्रेरणेने व राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने बंदिवानांची मुक्त वसाहत सुरू झाली. माडगूळकर त्याच परिसरातील. मात्र वास्तवात आणि चित्रात एक मूलगामी भेद आहे. स्वतंत्रपूर येथे बंदिवान कुटुंबासह राहून शेती करीत आले आहेत; तेथे माणसाला बांधून ठेवणारे धागे अनेक आहेत. चित्रपटात सहाही जण एकाकी असून त्यांचे सारे नैतिक जीवन एकाच पुरुषावर टांगलेले आहे. त्यामुळे नाट्य गडद झाले, पण प्रयोगाचे सामुदायिक स्वरूप मावळले.

म्हणूनच आदिनाथाचा मृत्यू ही कथेची खरी कसोटी ठरते. पाहणारे डोळे मिटल्यावर बारा हात काय करतील? बंदिवान शेत सोडीत नाहीत. तथापि, दिग्दर्शकाने त्यांच्यावर आकाशातून पुन्हा ते डोळे रोखले आहेत. बंदिवान आता स्वतःच्या बळावर उभे आहेत, असे मानण्याचे धैर्य चित्रपटास झालेले नाही. करुणेने चालविलेली सत्तादेखील स्वतःस अनावश्यक करीत नाही तोवर स्वातंत्र्य अपुरेच राहते. ते अपुरेपण या चित्रपटात, कर्त्याच्या हेतूपलीकडे जाऊन, प्रामाणिकपणे उमटले आहे.