व्रत ते नियम : चिलखत, मंतरलेल्या वस्तू आणि तीनची मर्यादा

कथेचा नायक कुणाच्याही तलवारीने जखमी होऊ शकत नसेल, तर ती कथा पुढे न्यायची कशी? हा प्रश्न महाकाव्यांच्या कर्त्यांना पडला, तसाच तो १९७४ पासून एका खेळाच्या कर्त्यांनाही पडत आला आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा तो खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो रचला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो, एक जण सूत्रधार होतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रे काय करतात ते खेळाडू सांगतात, आणि निकाल जिथे अनिश्चित असतो तिथे फासे टाकले जातात. कथा आधी लिहिलेली नसते, ती बसलेल्या ठिकाणी तोंडी घडत जाते. छापील असते ते फक्त नियमपुस्तक.

या नियमपुस्तकांकडे साहित्याचे अभ्यासक सहसा वळत नाहीत. मी साहित्याचा रीतसर विद्यार्थी नव्हतो. म्हणूनच असेल, पण कोणते पुस्तक 'वाचण्याजोगे' आणि कोणते केवळ 'वापरण्याजोगे' हा भेद मला कधी फारसा जाचला नाही. गेली काही वर्षे मी या खेळाच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून वाचतो आहे. त्या वाचनातून हाती आलेली एकच गोष्ट इथे मांडायची आहे. पात्राने किती चिलखत घालावे आणि किती मंतरलेल्या वस्तू बाळगाव्यात, या वरवर हिशेबी वाटणाऱ्या नियमात खेळाची नीती आणि कथनदृष्टी दोन्ही लपलेली आहेत. पन्नास वर्षांत हा नियम व्रतापासून कायद्यापर्यंत आला. त्या प्रवासात काही कमावले गेले आणि एक महत्त्वाची जागा मोकळी राहिली.

आधी हिशेब समजून घेऊ. वार लागला की चुकला हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. फाशावरचा आकडा आणि हल्लेखोराचे कौशल्य यांची बेरीज समोरच्याच्या 'आर्मर क्लास'इतकी किंवा त्याहून जास्त झाली, तर वार लागला. या आर्मर क्लासला मी चिलखत-अंक म्हणतो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत उघड्या अंगाचा अंक १०, कड्यांच्या चिलखताचा १६, पोलादी पत्र्यांच्या पूर्ण चिलखताचा १८. ढाल घेतली की आणखी २. मंतरलेले चिलखत किंवा ढाल यांत १ पासून ३ पर्यंत भर घालते.

फाशाची प्रत्येक बाजू पाच टक्क्यांची, म्हणून चिलखत-अंकातला एक गुण म्हणजे पाच टक्के संरक्षण, असे सर्रास मानले जाते. ते अर्धसत्य आहे. शत्रूला वार लागण्यासाठी १० हवे असतील तर शक्यता ५५ टक्के. एक गुण वाढला की ५०. म्हणजे खाल्ले जाणारे घाव अकराव्या हिश्शाने कमी झाले. पण शत्रूला १९ हवे असतील तर शक्यता १० टक्के, आणि तिथे एक गुण वाढला की ५. घाव थेट निम्म्यावर आले. चिलखताचा शेवटचा गुण पहिल्यापेक्षा कितीतरी मोलाचा असतो. ज्याच्याकडे आधीच खूप आहे त्याला थोडे आणखी दिले, की त्याचा लाभ सर्वाधिक.

याचा त्रास शत्रूला होत नाही, शत्रू तर सूत्रधाराच्या कल्पनेतले. तो होतो शेजारी बसलेल्या मित्राला. एका योद्ध्याचा अंक २५ आहे आणि त्याच्या सोबतच्या जादूगाराचा १२. हल्ल्यात ५ मिळवणारा राक्षस योद्ध्याला फक्त २० पडले तरच लागतो, म्हणजे ५ टक्के. जादूगाराला ७० टक्के. योद्ध्यालाही थोडी धास्ती वाटावी म्हणून सूत्रधाराने १२ मिळवणारा राक्षस आणला, तर योद्ध्याला तो ४० टक्के वेळा लागेल. जादूगाराला मात्र फाशावर १ पडला तरच तो चुकेल. म्हणजे एकासाठी रंगत आणायची तर दुसऱ्याचा बळी द्यायचा. मर्यादेचा प्रश्न हा असा टेबलावरच्या न्यायाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला नियमपुस्तकांनी जी उत्तरे दिली, त्यांचे मी तीन टप्पे पाडतो : कोण, कुठे आणि किती.

पहिला टप्पा 'कोण'चा. १९७४ च्या मूळ पुस्तिकांत जादूगाराला चिलखत वर्ज्य होते. धर्मोपदेशकाला चिलखत चाले, पण धारदार शस्त्र चालत नसे. मंतरलेल्या तलवारी लढवय्याच्या वाट्याच्या. कुणी काय बाळगावे हे त्याच्या वृत्तीवरून ठरत होते. या टप्प्यातला सर्वांत लक्षणीय नियम १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये आहे. तिथे 'पॅलाडिन' नावाचा व्रतस्थ योद्धा आहे. त्याने एकूण दहाच मंतरलेल्या वस्तू ठेवायच्या : एक चिलखत, एक ढाल, चार शस्त्रे आणि इतर चार. मिळकतीचा दहावा हिस्सा दान करायचा, स्वतःपुरते साधे जगण्याइतके ठेवून बाकीच्या संपत्तीचा लोभ धरायचा नाही. हा आपल्याकडच्या अपरिग्रहाच्या जवळ जाणारा विचार आहे. मुख्य म्हणजे तो सर्वांसाठी नव्हता. खेळाडू तो स्वेच्छेने पत्करत असे आणि बदल्यात त्याला विशेष सामर्थ्य मिळे. मर्यादा हा इथे शीलाचा भाग होता.

बाकीच्यांना आवर घालायचा तो सूत्रधाराने. खैरातीसारखी जादू वाटणाऱ्या सूत्रधारांना त्या काळी एका अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमात बक्षिसे वाटणाऱ्या माँटी हॉल या सूत्रसंचालकाच्या नावाने चिडवत. १९७६ च्या एका पुरवणी-पुस्तिकेच्या प्रास्ताविकातही हा टोमणा आहे. वाटून झालेले परत घ्यायचे तर एक अस्त्र होते : लोखंडाला स्पर्शाने गंज चढवणारा 'रस्ट मॉन्स्टर'. हा प्राणी गायगॅक्स यांनी एका स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यावरून बेतला होता. त्याचे काम एकच, डोईजड झालेले चिलखत मातीमोल करणे.

दुसरा टप्पा 'कुठे'चा. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने शरीराचीच विभागणी केली. डोक्यावर एक वस्तू, गळ्यात एक, खांद्यावर एक, कमरेला एक, पायांत एक, अंगठ्या दोन. संरक्षणाचेही प्रकार पाडले आणि एकाच प्रकारचे दोन लाभ बहुधा जोडायचे नाहीत, मोठा तेवढा धरायचा, असे ठरवले. कागदावर हे चोख होते. पण प्रकार वेगळा असला की बेरीज होत होती, आणि वस्तूंना किमती छापलेल्या होत्या. मूळ चिलखताचा खर्च सोडला तर ३ गुणांची जादू चढवायला ९,००० सुवर्णनाणी लागत. त्याऐवजी १ गुणाचे चिलखत, १ गुणाची ढाल, १ गुणाची संरक्षक अंगठी आणि १ गुणाचा ताईत घेतला तर अनुक्रमे १,०००, १,०००, २,००० आणि २,०००, म्हणजे ६,००० नाण्यांत ४ गुण. हा हिशेब खेळाडूंच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्यात प्रत्येक पातळीला पात्राकडे किती संपत्ती असावी याचा तक्ताही पुस्तकात होता : दहाव्या पातळीला ४९,०००, विसाव्या पातळीला ७,६०,०००. जादूची वस्तू हे नवल राहिले नाही, ती पगारवाढ झाली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर मंतरलेल्या वस्तू सूत्रधाराच्या पुस्तकातून काढून थेट खेळाडूंच्या पुस्तकात नेल्या.

तिसरा टप्पा 'किती'चा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने आकड्यांची चढाओढ आवरली. पहिल्या ते विसाव्या पातळीपर्यंत पात्राच्या नैपुण्याचा गुण फक्त २ वरून ६ वर जातो. तिसऱ्या आवृत्तीत लढवय्याचे मूळ आक्रमण-कौशल्य त्याच प्रवासात १ वरून २० वर जात असे. आणि वस्तूंसाठी एक नवा नियम आला, 'अट्यूनमेंट'. त्याचा अर्थ सूर जुळवणे. प्रभावी वस्तूंपैकी बऱ्याच वस्तू नुसत्या अंगावर घालून चालत नाहीत. त्यांच्यासह तासभर शांत बसून त्यांच्याशी सूर जुळवावा लागतो, आणि एका वेळी फक्त तीन वस्तूंशी तो जुळू शकतो. चौथी हवी असेल तर एक सोडायची. २०२४ च्या सुधारित पुस्तकांतही हा तीनचा आकडा कायम आहे.

मला हा नियम वाङ्मयीनदृष्ट्या फार मोलाचा वाटतो. पॅलाडिनचे व्रत इथे सर्वांचा नियम झाले. गंज चढवणारा प्राणी जे हिरावून घेत होता, ते आता खेळाडू स्वतः खाली ठेवतो. काय ठेवले आणि काय सोडले यातून पात्राचा स्वभाव दिसू लागतो. मिळालेली तलवार सोडून शत्रूचे बोलणे ऐकवणारे शिरस्त्राण जवळ ठेवणारा योद्धा आपल्याला काहीतरी सांगत असतो. नियमाला अपवाद केला तोही अर्थपूर्ण आहे. २०१९ मध्ये एबेरॉनविषयीच्या पुस्तकात आलेला 'आर्टिफिसर' हा कारागीर दहाव्या पातळीला चार, चौदाव्याला पाच आणि अठराव्याला सहा वस्तूंशी सूर जुळवू शकतो. वस्तू घडवणाऱ्याचे वस्तूंशी नाते अधिक जवळचे, हे एका आकड्यात सांगून झाले.

पण इथेच माझा आक्षेप आहे. साधे मंतरलेले चिलखत आणि साधी मंतरलेली ढाल यांना सूर जुळवावा लागत नाही. ती तीनच्या हिशेबाबाहेर आहेत. पत्र्यांचे चिलखत १८, ढाल २, चिलखताची जादू २, ढालीची जादू २, संरक्षक अंगठी १ : बेरीज २५. वर पाहिलेला अजिंक्य योद्धा तो हाच, आणि या सगळ्यात तीनपैकी एकच जागा खर्च झाली, तीही अंगठीसाठी. ज्या गुणाचे मोल शेवटाकडे दुपटीने वाढते, नेमका तोच गुण मर्यादेतून सुटला. चिलखतावर पुस्तकाचा अंकुश आहे तो केवळ 'दुर्मीळ' आणि 'अतिदुर्मीळ' या शब्दांचा. दुर्मीळ म्हणजे किती, हे पुन्हा सूत्रधाराच्या मर्जीवर. म्हणजे बाकी वस्तूंचा त्याग खेळाडूकडे आला आणि चिलखताचा आवर १९७६ च्या टोमण्यांपाशीच राहिला.

मराठी वाचकाला इथे कर्ण आठवल्याशिवाय राहणार नाही. १९८० च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' या पुस्तकाने भारतीय देवतांनाही चिलखत-अंक बहाल केले. त्यांत इंद्र आहे. त्याच इंद्राने महाभारतात एका अभेद्य कवचाचा प्रश्न सोडवला, हे मात्र नियमकर्त्यांच्या उपयोगी पडलेले दिसत नाही. जन्मजात कवचकुंडले अंगावर असेपर्यंत कर्णाचे युद्ध निर्णायक होऊ शकत नव्हते. व्यासांनी ती गंजवली नाहीत. ती मागितली गेली, कर्णाने जाणूनबुजून दिली, आणि बदल्यात एकदाच वापरता येईल अशी शक्ती घेतली. कायमच्या संरक्षणाच्या मोबदल्यात एका वेळचे अस्त्र. पुढे तीही अर्जुनावर न चालता घटोत्कचावर खर्च झाली. 'मृत्युंजय' वाचून वाढलेल्या पिढीला ठाऊक आहे की कर्ण मोठा होतो तो कवच उतरवताना. महाकाव्याला कवी होता, म्हणून तो हा प्रसंग रचू शकला. टेबलावरच्या खेळाला एकटा कवी नसतो, म्हणून तिथे हे काम नियमाने करायला हवे.

मग चिलखत आणि ढालही तीनच्या मोजणीत घ्यावी का? सरळ उत्तर होकारार्थी वाटते, पण त्यात अन्याय आहे. पुढे उभा राहून घाव झेलणाऱ्याच्या तीनपैकी दोन जागा संरक्षणातच जातील, आणि मागे उभ्या जादूगाराच्या तिन्ही मोकळ्या राहतील. चिलखत बाहेर ठेवण्यामागे कर्त्यांचा हाच विचार असावा, आणि तो चुकीचा नाही.

मला त्याहून बरा मार्ग १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये दिसतो. तिथे संरक्षक अंगठीचा नियम आहे : अंगावर मंतरलेले चिलखत असेल तर अंगठी चिलखत-अंकात भर घालत नाही. जादूवर जादू चढत नाही. हेच तत्त्व पुढे नेऊन ढालीलाही लावावे. पोलाद पोलादात मिळवावे, पण जादू कुठूनही आली तरी सर्वांत मोठी तेवढीच धरावी. वरच्या योद्ध्याचा अंक मग १८ आणि २ मिळून २०, वर जादूचे २, म्हणजे २२ होईल. ५ मिळवणाऱ्या राक्षसाचा वार ५ टक्क्यांऐवजी २० टक्के वेळा लागेल. जादू नसती तर तो ३० टक्के वेळा लागला असता. म्हणजे जादूने घाव एक तृतीयांशाने कमी केले. वस्तूचा मान राहिला, योद्धा सोबत्यांपेक्षा भक्कमही राहिला, पण त्याच्यासाठी राक्षस वाढवून जादूगाराला मारण्याची वेळ सूत्रधारावर येत नाही. कुणाची एकही जागा खर्च झाली नाही.

हा बदल कोणत्याही टेबलाला आपापसांत ठरवून करता येतो, कारण या खेळाची नियमपुस्तके पहिल्यापासून सूत्रधाराला तशी मुभा देत आली आहेत. अट एकच : पात्रे घडवण्याआधी तो सर्वांना सांगितला गेला पाहिजे. व्रत आधी पत्करले तर व्रत. मध्यावर लादले, तर तो पुन्हा गंज चढवणारा प्राणीच.