‘प्रतिपिंड’ : एका संज्ञेचे परीक्षण

पाउल एर्लिख याने १८९१ साली ‘आंटिक्योर्पर’ हा शब्द योजला, तेव्हा त्या पदार्थाची घडण कोणासही ज्ञात नव्हती. हीच शब्दरचना मराठीत ‘प्रतिपिंड’ या रूपाने आली; ‘प्रतिद्रव्य’ हा पर्यायही प्रचारात आहे. प्रस्तुत टिपणात या संज्ञेचा, विशेषतः तिच्या लोकप्रिय विवरणाचा, विचार करावयाचा आहे.

‘प्रति’ या उपसर्गाचा ‘विरोध’ हा एकच अर्थ गृहीत धरून आपले विज्ञानलेखक प्रतिपिंडांना ‘सैनिक’ म्हणतात. वस्तुस्थिती निराळी आहे. गोवराचे उदाहरण घ्यावे. या रोगाचा विषाणू आपल्या पृष्ठभागावरील प्रथिनाच्या साह्याने पेशीला चिकटतो. प्रतिपिंड त्याच प्रथिनावर बसून तो मार्ग अडवितो. त्याच्या दोन भुजांची टोके विषाणूला धरतात, तर उरलेला दांडा भक्षक पेशींना ओळख पटवितो. संहार असा तो स्वतः बहुधा करीत नाही. शिवाय विषाणू एकदा पेशीत शिरला, की तो रक्तातील प्रतिपिंडांच्या आवाक्याबाहेर जातो. बाधित पेशी नष्ट करण्याचे काम मुख्यतः टी-पेशींकडे येते.

डेंगीच्या बाबतीत तर ‘सैनिक’ हे रूपक उलटते. या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्ध निर्माण झालेले प्रतिपिंड दुसऱ्याला चिकटतात, परंतु पुरेसे निष्प्रभ करू शकत नाहीत. तेव्हा त्यांच्याच आधाराने विषाणूला भक्षक पेशींत प्रवेश सुलभ होऊ शकतो.

तथापि दोष संज्ञेचा नव्हे, विवरणाचा आहे. ‘प्रतिमा’, ‘प्रतिबिंब’ या शब्दांत ‘प्रति’ अनुरूपता दाखवितो. प्रतिपिंडाच्या टोकाचा आकार विषाणूच्या विशिष्ट अंशाशी जुळतो, हेच त्याच्या कार्याचे मर्म होय. ‘पिंड’ हे पद चार साखळ्यांच्या एका प्रथिन-रेणूस काहीसे स्थूल वाटते, हे खरे. परंतु ‘द्रव्य’ म्हटल्याने आकाराची सूचनाच लोपते. म्हणून ‘प्रतिपिंड’ हीच संज्ञा अधिक ग्राह्य मानावी.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. २०२० नंतरच्या करोना-साथीत रक्तातील प्रतिपिंडांचा आकडा सैन्याच्या शिरगणतीसारखा वाचला गेला आणि तो घटताच संरक्षण संपले, असा समज पसरला. वस्तुतः स्मृतिपेशी मागे उरतात व पुन्हा प्रतिपिंड घडवू शकतात. विवरण चुकले, की अनुमानही चुकते. परिभाषाकारांनी संज्ञेसोबत तिचे विवरणही तितक्याच काटेकोरपणे सिद्ध करावे, हे उचित.