थॉमस बिंकली यांचे कलाजीवन : मध्ययुगीन संगीताच्या पुनर्निर्मितीचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप व अमेरिकेत प्राचीन पाश्चात्त्य संगीताच्या पुनरुज्जीवनाची जी चळवळ उभी राहिली, तिने दोन मूलभूत प्रश्न निर्माण केले. ज्या संगीताची प्रत्यक्ष परंपरा खंडित झाली आहे ते पुन्हा कसे सादर करावे, हा पहिला प्रश्न. आणि सादर झाल्यावर त्यास ‘मूळ’ म्हणता येईल काय, हा दुसरा. ल्यूटवादक व वृंददिग्दर्शक थॉमस बिंकली (१९३१–१९९५) यांनी पहिल्या प्रश्नाला आपल्या पिढीतील अत्यंत धाडसी उत्तर दिले. दुसऱ्या प्रश्नाच्या संदर्भात मात्र त्यांचे कार्य वादग्रस्त ठरले. बिंकली यांची सर्जक कल्पनाशक्ती हेच त्यांचे खरे सामर्थ्य होय. परंतु त्या कल्पनेला आधार म्हणून अरबी-आंदालुसी परंपरेकडे पाहण्याची त्यांची दृष्टी सदोष होती, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

कलाजीवनाची रूपरेषा

अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे जन्मलेल्या बिंकली यांचे शिक्षण इलिनॉय विद्यापीठात व पुढे जर्मनीतील म्युनिक येथे झाले. म्युनिकमध्येच १९६० च्या सुमारास त्यांनी ‘श्टुडिओ डेअर फ्र्यूएन मुझिक’ हा वृंद स्थापन केला. गायिका आंद्रेआ फॉन राम, गायक नायजेल रॉजर्स, गजाची वाद्ये वाजविणारे स्टर्लिंग जोन्स आणि स्वतः बिंकली असे अवघे चार कलावंत त्यात होते. पुढे रॉजर्स यांच्या जागी विलर्ड कॉब व नंतर रिचर्ड लेविट आले. १९७३ पासून बिंकली यांनी स्वित्झर्लंडमधील बाझल येथील ‘स्कोला कान्टोरम बासिलिएन्सिस’ या संस्थेत अध्यापन केले. १९७९ मध्ये ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात प्राचीन संगीत संस्थेचे संचालक झाले.

हस्तलिखिताचे मौन

बिंकली यांच्यासमोरील अडचण समजून घेण्यासाठी ‘कार्मिना बुराना’ या संग्रहाचे उदाहरण उपयुक्त ठरते. इ. स. १२३० च्या सुमारास सिद्ध झालेले हे हस्तलिखित १८०३ मध्ये बव्हेरियातील बेनेडिक्टबॉयर्न मठात उजेडात आले आणि आज ते म्युनिकच्या राज्य ग्रंथालयात आहे. त्यात अडीचशेच्या आसपास रचना असून त्यांपैकी काहींवर स्वरचिन्हे आहेत. परंतु ही चिन्हे रेषांवर मांडलेली नाहीत. स्वर वर जातो की खाली येतो, याची त्यांवरून कल्पना येते. नेमका कोणता स्वर लावावा हे मात्र कळत नाही. त्यामुळे तीच रचना अन्य हस्तलिखितात वाचनीय स्वरलेखनासह मिळाली, तरच तिची चाल निश्चित करता येते. लय, वाद्ये, कंठाचा लगाव यांविषयी ग्रंथ जवळजवळ मौनच पाळतो.

मराठी अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित नाही. साधारण याच काळात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने शारंगदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यातील रागांची लक्षणे व स्वरलेखन उपलब्ध असूनही ते राग तत्कालीन रूपात आज गाऊन दाखविण्याचा दावा कोणी जबाबदार अभ्यासक करणार नाही. लेखन हे परंपरेचे स्मरणसाधन असते. ते परंपरेची जागा घेऊ शकत नाही.

कार्ल ऑर्फ यांनी याच संग्रहातील काव्य घेऊन रचलेली, १९३७ मध्ये फ्रँकफर्ट येथे प्रथम सादर झालेली भव्य कृती जगप्रसिद्ध आहे. पण तिचे संगीत सर्वस्वी ऑर्फ यांचे होते. बिंकली यांनी १९६४ व १९६७ च्या ध्वनिमुद्रिकांतून मध्ययुगीन चालींकडेच परत जाण्याचा मार्ग निवडला आणि जेथे हस्तलिखित थांबते तेथून पुढे कलावंत म्हणून पाऊल टाकले.

पूर्वेचे ऋण

हे पुढचे पाऊल टाकण्यासाठी बिंकली यांनी उत्तर आफ्रिकेतील आंदालुसी संगीताचा आधार घेतला. यामागे एक सुसंगत तर्क होता. ल्यूट हे वाद्य अरबी ‘ऊद’चे वंशज असून त्याचे नावही ‘अल्-ऊद’ या शब्दावरून आले आहे. मध्ययुगात ते ऊदप्रमाणेच नखीने छेडले जाई. बोटांनी वाजविण्याची पद्धत पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ होऊ लागली. मुस्लिम स्पेन आणि दक्षिण फ्रान्समधील त्रुबादूर कवी यांचा संपर्कही संभाव्य होता. स्पॅनिश अरबीतज्ज्ञ हुलिआन रिबेरा यांनी १९२२ मध्येच स्पेनमधील मध्ययुगीन भक्तिगीतांच्या संगीताचे मूळ अरबी असल्याचे मत मांडले होते. ल्यूटवादकाने आपल्या वाद्याच्या माहेराकडे वळावे, यात अस्वाभाविक असे काही नव्हते.

या प्रभावाचे परिपक्व रूप १९७० च्या त्रुबादूर गीतांच्या ध्वनिमुद्रिकेत आढळते. त्रुबादूरांची सुमारे अडीच हजार काव्ये उपलब्ध आहेत. चाली मात्र त्यांच्या एक दशांशाच्याच आसपास टिकल्या. स्त्रीकवींच्या रचनांपैकी तर कोम्तेसा दे दिआ हिचे एकच गीत चालीसह उरले आहे. हस्तलिखितात त्याची एकेरी स्वररेषा व एका कडव्याचे शब्द, एवढेच आढळते. बिंकली यांच्या सादरीकरणात वाद्यांचा प्रदीर्घ प्रवेश स्वरांचे वातावरण सिद्ध करतो, आधारस्वर घुमत राहतो आणि मग फॉन राम यांचा कंठ प्रवेश करतो. अनेक वाद्ये एकच चाल किंचित भिन्न वळणांनी वाजवतात. परित्यक्त स्त्रीची तक्रार ऐकण्याआधी श्रोत्याला वाट पाहावयास लावणारी ही योजना, काव्याच्या आशयाशी सुसंवादी आहे. आलापाची सवय असलेल्या भारतीय श्रोत्याला तिचे मर्म सहज उमगते.

आक्षेप आणि त्यांचे परीक्षण

बिंकली यांच्या पद्धतीवर दोन प्रकारचे आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप पुराव्यासंबंधी आहे. ख्रिस्तोफर पेज यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात उच्च शैलीतील त्रुबादूर गीते वाद्यांच्या साथीविना गायिली जात असण्याची शक्यता पुढे आणली. त्यांच्या ‘गॉथिक व्हॉइसेस’ या वृंदाने केवळ कंठसंगीतावर भर देऊन वेगळा आदर्श निर्माण केला. डॅनियल लीच-विल्किन्सन यांनी २००२ मध्ये दाखवून दिले, की मध्ययुगीन संगीताची आधुनिक रूपे ही पुराव्याइतकीच त्या त्या काळाच्या अभिरुचीची निर्मिती असतात. मात्र हा निष्कर्ष पेज यांच्या निर्वाद्य आदर्शालाही लागू पडतो. त्यामुळे एकट्या बिंकली यांना दोषी ठरविणे न्याय्य होणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोरोक्कोतील आजची परंपरा ऐकून बाराव्या शतकातील फ्रान्स ऐकू येतो असे मानणे, म्हणजे त्या परंपरेला स्वतःचा इतिहास नाकारणे होय. १४९२ मध्ये ग्रॅनडाचा पाडाव झाल्यानंतरही आंदालुसी संगीत मघरिबच्या नगरांत बदलत, घडत राहिले. त्यातील पदांचा अल्-हाईक यांचा सुप्रसिद्ध संग्रह अठराव्या शतकाच्या अखेरीचा आहे. युरोप बदलला आणि पूर्व मात्र जशीच्या तशी थांबून राहिली, हे गृहीतक अभ्यासाचे नसून पूर्वग्रहाचे आहे. भारतीय परंपरांकडेही ‘गोठलेला भूतकाळ’ म्हणून पाहिले गेले असल्याने, आपण या आक्षेपाकडे दुर्लक्ष करू शकत नाही.

तथापि येथे एक बाब नोंदविणे अगत्याचे आहे. १९७७ मध्ये बाझलच्या वार्षिकात एकस्वरी मध्ययुगीन संगीताच्या सादरीकरणावर लिहिलेल्या लेखाला बिंकली यांनी ‘कार्यशाळेचा वृत्तान्त’ असे उपशीर्षक दिले होते. सिद्धान्ताऐवजी वृत्तान्त म्हणण्यातील हा संयम, त्यांच्या ध्वनिमुद्रिकांचे अनुकरण करणाऱ्यांत अनेकदा दिसत नाही. एका कलावंताची कार्यपद्धती ही पुढे ‘मध्ययुगाचा आवाज’ म्हणून रूढ झाली.

अध्यापक बिंकली

बाझल येथील कालखंडाचे फलित शिष्यपरंपरेत दिसते. तेथे शिकलेल्या बेंजामिन बॅग्बी व बार्बरा थॉर्नटन यांनी १९७७ मध्ये ‘सेक्वेन्शिया’ हा वृंद स्थापन केला. पुढे त्यांनी हिल्डेगार्ड फॉन बिंगेन हिच्या रचनांचे जे कार्य केले, त्यात वाद्यांचा बडेजाव कमी होऊन काव्योच्चाराला प्राधान्य मिळाले. शिष्यांनी गुरूची शैली न उचलता प्रश्न विचारण्याची रीत उचलली, हे अध्यापकाचे मोठेच यश मानावे लागेल. इंडियाना येथे त्यांनी संशोधन व सादरीकरण यांना एकत्र आणणाऱ्या ग्रंथमालेचे संपादन केले. संगीताचा अभ्यासक आणि कलावंत हे भिन्न विभागांत बसत असलेल्या आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेने या कार्याची विशेष दखल घ्यावयास हवी.

निष्कर्ष

सारांश, बिंकली यांच्या ध्वनिमुद्रिका या तेराव्या शतकाविषयीचा पुरावा नव्हेत. त्या विसाव्या शतकातील श्रेष्ठ दर्जाच्या कलाकृती आहेत. त्यांनी मघरिबच्या कलावंतांकडून घेतलेले ऋण हे प्राचीनतेचे ऋण नसून समकालीनांचे होते, आणि तशीच त्याची नोंद व्हावयास हवी. अशी नोंद केल्याने बिंकली यांचे मोल उणावत नाही. उलट, मौन हस्तलिखितासमोर दिग्दर्शकाने घेतलेला प्रत्येक निर्णय हा त्याचा स्वतःचा असतो आणि त्याची जबाबदारीही त्याचीच असते, ही जाणीव त्यांच्या कलाजीवनाच्या अभ्यासातून दृढ होते.